विहार बघायला गेलो ती संध्याकाळ

हे गेले त्याला आता काही महिने होत आले. माझं लिहिणं अजून सावकाशच चालतं. एक ओळ लिहिते, उठते, उगाच खिडकी लावते, परत येऊन बसते. ह्यांच्यामागे जे जे करायचं असतं ते सगळं यथासांग झालं. दहावं झालं, तेरावं झालं, माणसं आली, जेवली, ह्यांच्याविषयी चांगलं बोलून गेली. दर महिन्याला तिथीला पान वाढलं जातं. त्या दिवशी भाज्या कोणत्या करायच्या यावरसुद्धा घरात चर्चा होते. दुःखात हाताला काहीतरी काम असतं हे किती बरं असतं, ते मला या महिन्यांत कळलं. आणि म्हणूनच बहुधा, आमच्या घरातला तो दुसरा मृत्यू मला आताशा रोज आठवतो, ज्याच्यामागे करायला काहीच नव्हतं.

आम्ही तेव्हा डहाणू रोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. मी कोसबाडला शिकून शिक्षिका झाले होते आणि रोज एस.टी.ने तलासरीच्या शाळेत जात होते. घरात तिसऱ्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या लवकर विधवा झाल्या आणि आमच्याकडे आल्या. सोवळ्यातला स्वयंपाक त्यांच्या हातचा फार चांगला, म्हणून डहाणू गावातल्या जुन्या घरांतून श्राद्धाला, सत्यनारायणाला त्यांना बोलावणं असे. त्या घरांत त्यांना मान होता. दुसरा कुठला मान त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

आमचं पहिलं बाळ बारशाआधी गेलं. बारसं दोन दिवसांवर आलं होतं. सकाळी तो दूध ओढेनासा झाला, दुपारी अंग ताठ होऊ लागलं, आणि डॉक्टर सायकलवरून येईपर्यंत सगळं संपलं होतं. ह्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं. बरोबर स्टेशनातला एक हमाल होता. परत आल्यावर हे मोरीत बराच वेळ पाय धूत होते. नाव न ठेवलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात; त्याचे दिवस करत नाहीत, पिंड नाही, पान नाही. वन्सं मला जवळ बसवून म्हणाल्या, "सोयरातच गेला तो. तुझं सोयर फिटलं की त्यातच सुतकही फिटलं. वेगळं काही धरायचं नसतं." त्यांनी सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या. शेजारच्या गुजराती बाईंकडून आणलेला पाळणा त्याच संध्याकाळी धुऊनपुसून परत गेला. माझं दूध आटावं म्हणून वन्संनी मोगऱ्याच्या कळ्या आणून स्वतःच्या हातांनी बांधल्या, आणि ते करताना त्यांनी एकदाही वर माझ्याकडे बघितलं नाही. त्या दुष्ट नव्हत्या. जे माहीत होतं ते त्यांनी नीट केलं. फक्त जे माहीत होतं ते एका दुपारीच करून संपलं.

त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. कॉलनीच्या नळावर मी गेले की बायका बोलता बोलता थांबत आणि पाण्याला धार किती कमी आहे याबद्दल बोलू लागत. एखादी म्हणे, "होईल गं दुसरं, वय आहे." हे तर अजिबातच बोलत नसत. त्यांनी त्याला कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला त्याच्याविषयी पहिल्यांदा विचारलं ते तलासरीच्या बाजारात. झरीकडची एक बाई, माझ्या वर्गातल्या मुलीची आई, डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून रस्त्यात थांबली.

"बाई, तुमचं पोर गेलं ना? कोनासारखं व्हतं?"

मी म्हटलं, "ह्यांच्यासारखं. कपाळ तर अगदी तसंच."

"अस्सं," ती म्हणाली, आणि मान हलवून पुढे गेली. एवढंच. पण मी त्या दिवशी परतीच्या एस.टी.त सबंध वाटभर पदर तोंडाशी धरून बसले होते. आणि त्या दिवसापासून मला एक इच्छा होऊन बसली. त्याच्यासाठी कुठेतरी काहीतरी व्हावं. एखादा दिवा लागावा, चार माणसं बसावीत, तो होता असं कोणीतरी मोठ्याने म्हणावं. आमच्या देवळात ते होण्यासारखं नव्हतं. भटजींना विचारायला लावलं असतं तर वन्संनी जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं असतं.

आमच्या शाळेत एक गुरुजी होते. धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. ते आणि त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली होती. वस्ती डहाणूचीच, स्टेशनपासून थोडी लांब, रुळांच्या कडेने गेलं की लागणारी. तिचं जुनं नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांनी टाकलं होतं, आमच्या वन्सं मात्र तेच घेत. त्या गुरुजींची तान्ही मुलगी त्या थंडीत वारली. ते दोन दिवसांनी शाळेत आले तेव्हा मी त्यांना काय म्हणावं ते न सुचून उभी राहिले, तर तेच म्हणाले, "काल विहारात वंदना झाली तिच्यासाठी. सगळे आले होते."

"एवढ्याशा मुलीसाठी?" माझ्या तोंडून गेलं.

"हो. आमची मुलगी होती ना ती."

पुढे कितीतरी दिवस मी एक प्रश्न मनात घोळवत होते. एकदा मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात कोणी नाही असं पाहून विचारलं, "गुरुजी, बाहेरच्या कोणाची करतात का हो वंदना? म्हणजे, तुमच्यातलं नसलेल्या कोणाची?"

त्यांना लगेच कळलं. ते थोडा वेळ पटांगणातल्या मुलांकडे बघत राहिले.

"करतील. मी सांगेन तसं. पण बाई, एक बोलतो, राग मानू नका. रविवारी संध्याकाळी गावातले लोक येतात आमच्याकडे. विहार बघायला. मुंबईहून मूर्ती आणली, पिवळ्या चिवरातले भन्ते येऊन गेले, तेव्हापासून फार येतात. समुद्रावर फिरून झालं की इकडे. चपला घालून आत शिरतात, मूर्तीला बोट लावून बघतात मातीची आहे का प्लास्टरची, हसतात, जातात. तुम्ही तशा येऊ नका. यायचं तर आत येऊन आमच्याबरोबर बसा. आणि कशासाठी आलात ते तोंडाने सांगा."

 घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.

त्यांचं म्हणणं सोपं होतं, पण मला ते जमण्यासारखं नव्हतं. रेल्वे कॉलनीत एका घरची आमटी करपली तर वास सगळ्या चाळीला जाई. मी एकटी त्या वस्तीत गेले असते तर ते स्टेशनमास्तरांच्या घरी संध्याकाळच्या गाडीआधी पोचलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गावात. मग वन्संना कोणी श्राद्धाच्या स्वयंपाकाला बोलावलं नसतं. हे काय म्हणाले असते ते तर मला सांगताच येत नव्हतं. मी ह्यांना विचारू शकत नव्हते, कारण विचारायचं म्हणजे बाळाचा विषय काढायचा.

अशात ह्यांचे एक मावसभाऊ मुंबईहून दोन दिवस राहायला आले. मोठे हौशी गृहस्थ. गळ्यात पेटीसारखा कॅमेरा, आणि दिसेल त्याचा फोटो. शनिवारी त्यांनी चिकूच्या वाड्या पाहिल्या, किल्ला पाहिला, समुद्रावर सुरूच्या बनात वन्संना उभं करून फोटो काढला. रविवारी दुपारी चहा पिता पिता म्हणाले, "ताई, आता डहाणूत बघायचं काय उरलं?"

"आता घरी बसा नि भजी खा," वन्सं म्हणाल्या.

"स्टेशनवरचा चहावाला सांगत होता, इथे नवं बुद्धाचं देऊळ झालंय. लोक जाऊन बघून येतात म्हणे. मला काढू दे फोटो. मुंबईला जाऊन सांगतो, आमच्या डहाणूलासुद्धा अजिंठा आहे."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

"तिथे काय बघायचंय?" वन्सं म्हणाल्या. "परवापरवापर्यंत ती माणसं आपल्याच देवीच्या जत्रेला यायची."

"आत येऊ द्यायचात का, ताई?"

"बाहेरून यायची. पण यायची."

भावोजी हसले. हे कामावर जायच्या गडबडीत टोपी शोधत होते. ते म्हणाले, "जाऊ दे गं ताई, पाहुणा आहे. बघून या सगळे. हिला पण ने. शाळा आणि घर, घर आणि शाळा, दुसरं कुठे जातच नाही ती." आणि ते बाहेर पडले.

आता सगळं सोपं झालं होतं आणि तेच कठीण होतं. पाहुण्याबरोबर बघायला जाण्यात कोणाला काही वावगं वाटणार नव्हतं. सगळं गाव तसं जात होतं. पण गुरुजींनी मला नेमकं तसंच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी साडी बदलायला आत गेले, फडताळातल्या दोन मेणबत्त्या रुमालात गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी घातल्या. त्यांचं काय करणार ते माझं मलाच माहीत नव्हतं. वन्सं दारात उभ्या होत्या.

"पिशवी कशाला?"

"येताना भाजी घेऊ काही मिळाली तर."

"रविवारची कसली भाजी," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांना यायचं नव्हतं. मला दिरांबरोबर एकटीला पाठवायचं नाही म्हणून त्या आल्या.

स्टेशनबाहेर टांगा केला. टांगेवाला गुजराती बोलणारा, त्याने कुठे जायचं ऐकून वळून विचारलं, "जोवा जवुं छे?" म्हणजे, बघायला जायचंय का? भावोजी म्हणाले, "हां हां, जोवा." टांगेवाल्याने समजल्यासारखी मान हलवली. त्या रस्त्याने तो रविवारी अनेकदा जात असावा. वाटेत वन्सं खजुरीच्या झाडांकडे बघत बसल्या होत्या. भावोजी त्यांना चिडवत होते, "ताई, बुद्ध म्हणजे आपला नववा अवतार, घाबरता काय?" वन्सं म्हणाल्या, "अवताराला नाही घाबरत मी." माझा हात पिशवीवर होता आणि टांगा खड्ड्यातून गेला की मेणबत्त्या एकमेकींवर आपटल्यासारख्या वाटत. वन्संना ते ऐकू जात असणार असं मला सारखं वाटत होतं.

विहार म्हणजे एक लांबट खोली होती. कुडाच्या भिंती, वर चुना दिलेला, नवी मंगलोरी कौलं. पुढे सारवलेलं अंगण आणि पंचरंगी कागदी पताका. अंगणाच्या कडेला रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर गावातलं एक दुकानदाराचं कुटुंब शेंगदाणे खात बसलं होतं, त्यांचं बघून झालं होतं. खोलीच्या दाराला कमरेएवढ्या उंचीवर काथ्याची दोरी बांधली होती. गुरुजींनी सांगितलं होतं त्यावरचा त्यांनी शोधलेला हा उपाय दिसत होता. बघायला आलेल्यांनी दोरीच्या अलीकडून बघायचं, वंदनेला आलेल्यांनी चपला काढून, दोरी उचलून आत जायचं. कोणी पाटी लावली नव्हती, पण सगळ्यांना ते कळत होतं.

आत चटयांवर पंधरा-वीस माणसं बसत होती. बायका बहुतेक पांढऱ्या लुगड्यांत. समोर मूर्ती, प्लास्टरचीच, डोळे मिटलेली, ओठांना जरा जास्त गुलाबी रंग लागलेला. बाजूला त्यांच्या नेत्याची निळ्या कोटातली तसबीर, झेंडूचा हार घातलेली. मूर्तीपुढे फळीवर उदबत्त्या आणि मेणबत्त्या.

भावोजी दोरीवर वाकून कॅमेऱ्यात बघत होते. "जरा इकडे बघता का सगळे? थोडं हसा."

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हसायला काय झालं बाबा? आमी काय वरातीत बसलोय?"

आतले दोघं-तिघं हसले. भावोजीही हसले, पण कॅमेरा खाली केला नाही. तेवढ्यात गुरुजी मूर्तीजवळून उठून दाराशी आले. अंगावर पांढरा सदरा, हातात छोटी पुस्तिका. त्यांनी मला पाहिलं, मग वन्संना, मग कॅमेरा.

"नमस्कार बाई," ते म्हणाले.

"नमस्कार."

"बघायला आलात?"

मी काही बोलायच्या आत भावोजी म्हणाले, "हो हो, मी मुंबईचा पाहुणा. फार छान केलंय तुम्ही. ह्या आमच्या वहिनी, तुम्ही ओळखता वाटतं?"

"एका शाळेत आहोत," गुरुजी म्हणाले. ते अजून माझ्याकडेच बघत होते. मी खाली बघितलं. "बघा मग," ते शांतपणे म्हणाले, "इथून सगळं दिसतं." आणि ते वळून आत गेले.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला दुकानदाराच्या कुटुंबाबरोबर उभं केलं आणि मी तिथेच उभी होते. आत त्यांनी वंदनेला सुरुवात केली. पालीतले शब्द, सगळे मिळून, काही जण अडखळत, नुकतंच शिकल्यासारखे. मला शब्द कळत नव्हते. एवढंच कळत होतं की हे आता संपेल, टांगा परत जाईल, भावोजी उद्या मुंबईला जातील, आणि पुन्हा इथे यायला मला काही निमित्त मिळणार नाही.

"झालं ना बघून?" वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या. "चल. दिवेलागणीला घरी पोचायला हवं."

मी चपला काढल्या.

"चपला कशाला काढतेस?"

मी दोरी हातात धरली. ती खरखरीत होती, आणि मी ती उचलली तरी तिच्याखालून जायला मला वाकावं लागणार होतं.

"अगं, आपण बघायला आलोय," वन्सं आता जरा मोठ्याने म्हणाल्या. मोरीवरच्या माणसांनी शेंगदाणे खायचं थांबवलं.

"मी बघायला नाही आले, वन्सं. मी बाळासाठी आले."

"कुठल्या बाळासाठी?"

त्यांनी तो प्रश्न टोचायला विचारला नव्हता. त्यांना क्षणभर खरंच कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला पुढे त्यांच्याकडे बघवलं नाही. भावोजींनी कॅमेरा खाली घेतला. मी वाकून आत गेले.

आत बसायला जागा कोणी लगेच केली नाही. कडेची एक बाई माझ्याकडे बघत राहिली, मग तिने पाय आत घेतले आणि मी चटईच्या कोपऱ्यावर बसले. वंदना म्हणणं चालूच होतं. ते थांबल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या आमच्या शाळेतल्या बाई आहेत. कशासाठी आल्यात ते त्या सांगतील."

मी सांगितलं. फार काही नाही. माझं बाळ गेलं, त्याच्यासाठी काही झालं नाही, एवढंच. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"नाव सांगा," गुरुजी म्हणाले. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बोट ठेवून ते वाट बघत होते. "नाव घेऊन म्हणतो आम्ही."

"नाव नाही. बारसं व्हायचं होतं."

"मनात ठेवलं असेल काही," मघाची म्हातारी म्हणाली.

मनात मी ठेवलं नव्हतं. आमच्यात नाव आत्या ठेवते. बारशाला तीच बाळाच्या कानात ते पहिल्यांदा सांगते, आणि तोवर कोणाला सांगत नाही. ते नाव वन्संपाशी होतं. मी मागे वळून बघितलं. त्या दोरीपलीकडे उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पदर गळ्याशी धरलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गुरुजीही तिकडे बघू लागले, मग म्हातारी, मग सगळेच. खोलीतली सगळी माणसं आता बाहेर बघत होती.

वन्सं वळल्या आणि अंगणातून टांग्याकडे चालू लागल्या.

"असू दे," गुरुजी म्हणाले. "बाळ म्हणू." आणि तसंच म्हणाले. मी माझ्या मेणबत्त्या पिशवीतून काढल्या आणि एक लावली. दुसरी तिथेच फळीवर ठेवली. कडेच्या त्या बाईने तांब्यातून पाणी दिलं.  मी ते प्याले, आणि पिताना मला माहीत होतं की टांग्यातून ते दिसतंय.

परतताना टांग्यात भावोजींनी एकदा "वारा सुटलाय" असं म्हणून पाहिलं. घरी आल्यावर ते अंगणातल्या बाजेवर जाऊन पडले आणि त्यांनी तोंडावर वर्तमानपत्र घेतलं. वन्सं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आंघोळ कर, मग आत ये."

"मी आंघोळ करणार नाही."

"पाणी प्यालीस तू तिथे. मी बघितलं."

"प्याले. वन्सं, त्याच्यासाठी आपण एकच गोष्ट केली, आंघोळी केल्या. आज दुसरी झाली. ती मी धुऊन टाकणार नाही."

त्या उंबऱ्यातून हलल्या नाहीत. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. सकाळचा भात आणि आमटी आत झाकलेली होती आणि ती कोणी गरम करत नव्हतं. दुकानदाराच्या घरून हे गावात कधी पोचेल, उद्याच की आजच, याचा हिशेब आम्ही दोघीही करत असणार. पण माझ्या मनात त्याहून मोठी भीती दुसरी होती. हे येतील, वन्सं सांगतील, आणि हे गप्प बसतील. आजवर बसले तसेच. मग माझं ते दोरीखालून जाणं, ते तोंडाने सांगणं, सगळं एका परक्या खोलीतच राहून जाईल. या घरात तो पुन्हा नसल्यासारखाच होईल.

गाडी गेल्यावर हे आले. टोपी खुंटीला लावायच्या आतच वन्संनी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही सोडलं नाही. चपला, दोरी, पाणी, मोरीवरची माणसं. "मला उद्यापासून कोणी चुलीजवळ उभं करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बघत होते. नाव सांगा, नाव सांगा म्हणून. मी काय सांगणार होते तिथे, दोरीशी उभं राहून?"

हे टोपी हातात घेऊन ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला त्यात काहीच वाचता येत नव्हतं. बाजेवरचं वर्तमानपत्रही हलत नव्हतं.  मग त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि पाटावर बसले.

"ताई," ते म्हणाले, "काय ठेवणार होतीस?"

"काय?"

"नाव. काय ठेवणार होतीस तू?"

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या आत गेल्या. आम्हाला स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला. मला वाटलं, झालं, हे असंच संपणार. त्या आमटी घेऊन बाहेर आल्या, ह्यांच्यापुढे ताट ठेवलं. मग दुसरं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं, मी तशीच बिनआंघोळीची बसले होते तिथेच. त्या वाढायला वाकल्या, आणि खाली ताटाकडे बघतच त्यांनी ते नाव घेतलं.

हे म्हणाले, "काय म्हणालीस?" कारण आवाज इतका बारीक होता की आम्हा दोघांनाही नीट ऐकू आलं नाही.

त्यांनी पळी आमटीत ठेवली, सरळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा एकदा, नीट, सांगितलं.